उस्ता नेमतचा कोट

हलवा खाली लागेल या सबबीवर मोनव्वर ढवळतच राहिली होती. खरं तर तो केव्हाच झाला होता. पण झाला म्हटलं की बाहेर बायकांत जाऊन बसावं लागणार.

बाहेर उस्ता नेमत शिंप्यांची पाचवी बरसी होती. इराणातल्या गोलपायगान गावच्या या गल्लीला आता त्यांचंच नाव होतं, शहीद नेमत गल्ली. ते आणि मोनव्वरचा मुलगा बहराम एकाच दिवशी, एकाच बसने लढाईवर गेले. महिनाभरात उस्ता बंद पेटीतून परत आले. बहरामचं नाव मेलेल्यांच्या यादीत नव्हतं आणि कैद्यांच्याही नव्हतं. मग कुणीतरी म्हणालं, पळाला. सीमा ओलांडून तुर्कस्तानात गेला. पहिली दोन वर्षं मोनव्वर लोकांशी भांडली. तिसऱ्या वर्षी तिने बहरामचा फोटो भिंतीवरून उतरवला.

"खाला, किती ढवळाल अहो? चला बाहेर." नेमतची बायको एशरतने तिला हाताला धरून बाहेर आणलं आणि आपल्या शेजारी बसवलं. एशरत मनाची फार चांगली. मोनव्वरला नेमकं तेच सोसत नसे.

समोरच्या तूबाने खजूर तोंडात टाकला. "तुर्कस्तानात म्हणे पोरं मजेत आहेत. पत्रबित्र येतं का गं कधी?"

"तूबा, आज तरी जिभेला लगाम घाल," एशरत म्हणाली.

"मी काय खोटं बोलले? उस्तांनी दिवसरात्र मशीन चालवून बसमधल्या अकराही पोरांना गरम कोट शिवून दिले. तोच कोट अंगात घालून पळायचं म्हणजे..."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मोनव्वरला झालं. "तिला बोलू दे, एशरत. तिचं काय चुकलं? असला पोरगा माझ्या पोटी आला, याची मलाच लाज वाटते."

कुणीतरी उगाचच चहाचे पेले गोळा केले.

एशरतने विषय बदलला. ट्रंकेतून एक करडा लोकरी कोट काढून तिने मांडीवर पसरला. "उद्या हा शाळेत द्यायचाय. शहिदांच्या वस्तू काचेच्या कपाटात ठेवणार आहेत. पेटी काही मला उघडू दिली नाही. एवढा कोट तेवढा हातात आला. कॉलरच्या आत यांच्या हातची ‘उस्ता नेमत, शिंपी’ अशी पट्टी होती, त्यावरूनच तर ओळख पटली."

पट्टीवरून बोट फिरवता फिरवता ती डोळे पुसत हसली. "आणि गंमत बघा! साऱ्या गावाचे कपडे बेतले आणि स्वतःच्या कोटाची उजवी बाही दोन बोटं आखूड. दिव्याखाली अंधार!"

सगळ्या हसल्या. तूबासुद्धा हसली.

"खाला, तुमचा हात चांगला आहे," कोट मोनव्वरच्या मांडीवर ठेवत एशरत म्हणाली. "जरा नीट घडी घालून द्या."

मोनव्वरने कोट उलटा अंथरला. दोन्ही बाह्या एकावर एक ठेवल्या. तिचे हात तिथेच थांबले.

"काय झालं, खाला?"

"काही नाही," मोनव्वर म्हणाली.

उस्ता नेमतचं माप चुकलं नव्हतं. लहानपणी अक्रोडाच्या झाडावरून पडल्यापासून बहरामचा उजवा हात दोन बोटं आखूडच होता.