केतकीची फाइल

निर्मलाताईंच्या स्मृतीत काहीच टिकत नसे. रात्री झोपेत सगळं पुसलं जाई आणि सकाळी कानामागचं यंत्र त्यांना त्यांचं आयुष्य परत देई. आठवणींच्या फाइली नावाच्या क्रमाने उघडत. नावात आधी दिवस होता, तेव्हा वर्षांची सरमिसळ होऊन त्यांना लग्नाआधीच बाळंतपण आठवे. मग त्यांच्या नवऱ्याने, भालचंद्ररावांनी, प्रत्येक नावात वर्ष पुढे घेतलं, त्यामागे महिना, मग दिवस. आयुष्य ओळीने लागलं.

एका फाइलीच्या नावापुढे मात्र त्यांनी नऊ लावला. ती सगळ्यांत शेवटी गेली, आणि यंत्राची जागा तिच्याआधीच भरून जात असल्यामुळे कधी उघडली नाही. त्यांची मुलगी केतकी अपघातात गेली, तो दिवस त्या फाइलीत होता.

"अहो, केतकीचा फोन नाही आला?" निर्मलाताई रोज विचारत.

"कामात असेल," असं म्हणून ते गॅलरीत जाऊन उभे राहत.

केतकीच्या वाढदिवसाला निर्मलाताईंनी शिरा केला आणि तिची वाटी झाकून ठेवली. त्या संध्याकाळी भालचंद्ररावांनी तो नऊ खोडला.

सकाळी निर्मलाताई ऊर फुटेस्तोवर रडल्या. मग त्यांनी नवऱ्याचा हात धरला. "इतके दिवस तुम्ही एकट्याने काढलेत?"

दिवसभर दोघं लेकीबद्दल बोलत, रडत बसून राहिले.

निर्मलाताई झोपल्या. उद्या हा घाव त्यांना पुन्हा पहिल्यांदाच बसला असता. भालचंद्ररावांनी कॉम्प्युटर उघडला आणि त्या फाइलीला नऊ परत लावला, आजच्या दिवसाच्या फाइलीलाही.