कोळशाचा वाफा

मैल्याच्या टाकीचं झाकण निघालं. आत उतरायला आणलेल्या माणसाने सदरा काढला, तसा सोसायटीचा माळी ज्ञानदेव टाकीच्या तोंडाशीच बसला.

"कुणालाबी उतरू देणार न्हाय," तो म्हणाला.

खडकवासल्याच्या रस्त्यावरच्या त्या सोसायटीत तळमजल्याच्या मोऱ्या तुंबल्या होत्या. मैला ओढणारी गाडी फाटकाशी उभी होती. पण तिचा पाइप टाकीपर्यंत पुरत नव्हता, आणि लांब पाइपने घट्ट झालेला गाळ ओढला जात नव्हता. मध्ये ज्ञानदेवाचा वाफा होता.

दोन वर्षांपूर्वी सांडपाण्याच्या इंजिनीअर नम्रता मॅडमनी तो आखला. खाली खडी, वर बायोचार, त्यात कर्दळ. टाकीतलं सांडपाणी त्यातून निवळून ओढ्याला जायचं. बायोचार म्हणजे कोळसाच. फांद्या नि करवंट्या बंद पिंपात भाजून ज्ञानदेवाने तो स्वतः केला होता. तुकडा काचेसारखा वाजला तरच वाफ्यात टाकायचा. इथे कुणाला आत उतरावं लागणार नाही, असं मॅडम म्हणाल्या होत्या. तेवढ्या शब्दावर त्याने हे काम धरलं. त्याचा मुलगा शंभू अशाच एका टाकीत उतरला होता. तीन तासांनी त्याला वर काढला, तो झाकूनच.

दर वर्षी गाळ पातळ असतानाच लांब पाइप लावून मशीनने उपसा, असं मॅडमनी लिहून दिलं होतं. सोसायटीने ते फायलीत नीट जपून ठेवलं.

सेक्रेटरी श्रीधररावांनी घड्याळ पाहिलं. "मग टाकीला चालत बाहेर यायला सांगू का?"

ज्ञानदेव उठला. त्याने कुदळ आणली. फुलावर आलेली कर्दळ उपटताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. कोळसा बाजूला ओढला, खडी सपाट केली. दुपारपर्यंत वाफा उरला नाही. त्यावरून गाडी टाकीशी गेली आणि तासाभरात टाकी रिकामी झाली. आत कुणी उतरलं नाही.

उद्या पिंप पेटवतो, पंधरा दिवसांत वाफा पुन्हा उभा करतो, असं ज्ञानदेव सांगू लागला. श्रीधरराव चाकांनी दाबलेल्या जागेकडे बघत होते.

"आता कशाला? चार मोटारी आरामात लागतील इथे. पाणी जाऊ दे थेट ओढ्यात."

उतरायला आलेला माणूस अजून तिथेच होता. त्यानेही ती जागा नजरेने मापली.

"मग पुढच्या वेळी मोटारींमुळे मशीन आत यायचं नाही, साहेब," तो म्हणाला. "माझा नंबर घेऊन ठेवा."