कारखान्याने घेतलेला माणूस

आपल्या मुलांना नोकऱ्या मिळाव्यात म्हणून सरकारी प्रशिक्षण संस्थेच्या प्राचार्यबाई सहा महिने एका कारखान्यात खेटे घालत होत्या. शेवटी तिथले मॅनेजर आले. बावीस प्रशिक्षणार्थी सकाळपासून इस्त्रीचे कपडे घालून लोखंड कातायच्या लेथ मशीनपाशी उभे होते. शिकवणाऱ्या सरांनी एकेकाकडून काम करवून दाखवलं. एक मुलगी गडबडली, तेव्हा ते हळूच म्हणाले, "घाई नको गं. लोखंड कुठं पळून जात नाही."

मॅनेजरांनी तिने कातलेला दांडा मोजून पाहिला. केसभरही फरक नव्हता. "मुलांचं पुढच्या वर्षी बघू," असं बाईंना म्हणून ते सरांना बाजूला घेऊन गेले आणि बराच वेळ बोलत राहिले.

दुपारी सरांनी बाईंच्या टेबलावर राजीनामा ठेवला. मान वर केली नाही.

"नऊ वर्षं कंत्राटावर काढली, मॅडम. दर अकरा महिन्यांनी घरी सांगतो, यंदा तरी कायम करतील."

"तुमच्यासारखा दुसरा मला मिळायचा नाही, सर."

"माहीत आहे. म्हणून तर दोनदा निघालो आणि थांबलो."

बाईंनी सही केली आणि त्या वर्कशॉपमध्ये गेल्या. पोरं अजून तिथंच ताटकळत होती.

"मॅडम, घेतलं का कुणाला?" मागून कुणीतरी विचारलं.

"घेतलं. तुमच्या सरांना."

सगळ्यांनी जोरजोरात टाळ्या वाजवल्या. मग एकेकाच्या लक्षात येत गेलं, तशा त्या थांबत गेल्या.