गुदगुल्या

"घोव पाण्यातसून इलो काय त्याच्या तळव्यांक गुदगुल्यो कर गो. पाय ओढून घेतल्यान तर बरां," शेजारच्या द्रौपदीकाकी माझ्या लग्नानंतर आठवड्याभरात म्हणाल्या. नवऱ्याला गुदगुल्या करायला सांगणं ही मला नव्या नवरीची थट्टा वाटली. मी हसले. काकींचे यजमान कुबड्या घेऊन का चालतात, हे विचारलंच नाही.

माझा नवरा बुडालेल्या जहाजाचं भंगार काढायला समुद्राच्या तळाशी उतरतो. पंक्चरवाल्याकडे असतो तसला कॉम्प्रेसर होडीत, त्याची नळी श्वासासाठी ह्याच्या दातांत. वर आला की खांदे दुखतात म्हणायचा, मी तेल चोळायचे. खोलातून घाईने वर आलं की रक्तात बुडबुडे होतात, सोड्याची बाटली उघडल्यासारखे. बी.एस्सी.ला शिकले होते मी हे.

परवा तो पडवीत आडवा पडून गप्पा मारत होता. रांगती लेक त्याच्या पायाशी गेली आणि नव्या दातांनी अंगठ्याला कडकडून चावली. तो बोलतच राहिला.

"चावतेय ती तुला," मी म्हटलं.

"कोण?"

आता दोन्ही पाय हलत नाहीत; बुडबुडे मणक्यात अडकलेत, डॉक्टर म्हणाले. तो हॉस्पिटलात काचेपलीकडे, बाकावर मी आणि मांडीवर लेक. होडीवाल्याला फोन लावला. इंजिनाच्या आवाजात तो म्हणाला, "मागाहून बोलतो वहिनी, माणूस खाली आहे."

कोण, ते विचारायच्या आत फोन बंद झाला. खाली उतरलेल्या त्या माणसाचं घर मला माहीत नाही. तुम्ही किनाऱ्यावर राहत असाल तर तेवढं शोधा, आणि संध्याकाळी त्याच्या तळव्याला बोट लावून बघा.