समोरची नळी

माझे सासरे, यजमान आणि मुलगा एकाच जीवरसायन विभागात घडले, नात चौथी. काल तिने तीन वर्षांच्या कामाची एकुलती एक नळी घाईघाईने विभागाच्या सामाईक सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवली. समोर तेवढ्याच वजनाची नळी ठेवायची असते, नाहीतर यंत्र हादरून फुटते. तीच ठेवायला ती विसरली.

यंत्र जराही हादरले नाही.

"झाकण उघडलं तर समोर ही पाणी भरलेली नळी. मी नव्हती ठेवली गं, आजी."

"घाईत तू डोकंही घरी विसरशील," म्हणत मी नळी उजेडात धरली.

नळीवर चिकटवलेल्या चिठ्ठीवरचे अक्षर मी ओळखले. अशाच चुकीने यजमानांच्या मदतनिसाने यंत्र फोडले होते आणि ठपका यजमानांनी स्वतःवर घेतला होता. तो मदतनीस वारून वीस वर्षे झाली.

ओली शाई माझ्या बोटाला लागली. लिहिले होते, "साहेब, फिटले."