टाकीविना काटा

भालचंद्रांची अडुसष्ट सालची गाडी दिल्लीजवळच्या मानेसरमधल्या एका गॅरेजमध्ये विटांवर उभी होती. तिची गंजलेली पेट्रोलची टाकी इर्शाद मिस्त्रींनी उतरवून टेबलावर ठेवली होती. साबणाच्या गरम पाण्यानं ती तीनदा धुऊन त्यांनी गंजून पडलेल्या भोकाच्या जरा खालपर्यंत पाणी भरलं.

"साहब, खाली टंकी की भाप ही जान लेती है," असं म्हणून ते कथलाचा डाग देऊन भोक बुजवायला बसले.

वासंतीताई बाकावरून बघत होत्या. ही गाडी नवऱ्यानं एकुलत्या एका मुलाला, मानसला, कधी चालवू दिली नव्हती. शेवटी तो मित्राची मोटरसायकल घेऊन जयपूरला निघाला आणि पोचलाच नाही. त्या गोष्टीला चार वर्षं झाली होती.

"आता कुणासाठी एवढी दुरुस्ती?" त्यांनी विचारलं.

भालचंद्र फडक्यानं गाडीची काच पुसू लागले. पुसता पुसता आतला पेट्रोलचा काटा त्यांना दिसला. टाकी भरलेली असल्याचं तो दाखवत होता.

"मिस्त्री, बैटरी लगी है क्या?"

"वो तो परसों ही निकाल दी, साहब."

किल्लीही भालचंद्रांच्याच खिशात होती. त्यांनी पुन्हा वाकून पाहिलं. काटा अर्ध्यावर आला होता आणि लांबच्या रस्त्याला लागलेल्या गाडीचा उतरावा, तसा सावकाश उतरत होता.

त्यांनी घाईघाईनं गाडीच्या दाराला हात घातला. वासंतीताईंनी मागून येऊन त्यांचं मनगट घट्ट धरलं.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "आज तरी त्याला अडवू नका."