'बंद'च्या खालची ओळ

अक्सेल आमच्या बेटावर चाळीस वर्षं होड्यांची शिडं शिवत होता. हिवाळा लागला की सगळ्यांची शिडं दुरुस्तीला त्याच्याकडे जायची. गेल्या तीन हिवाळ्यांत एकही गेलं नाही. आज त्याची शिलाईयंत्रं विकली गेली. ती ट्रकवर चढवायला मी हात लावत होतो.

"प्रेबेन, तूसुद्धा शिडं पलीकडच्या शहरात न्यायला लागलास," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता.

"तुझ्या वेबसाइटवर बंद लिहिलंय ना. पहिल्या वर्षी वाटलं, बायको गेलीय, थोडा वेळ हवा असेल. दुसऱ्या वर्षीही तेच. मग विचारणार कसं? दुःखात असलेल्याचं दार आपण वाजवतो का?"

"नाही वाजवत."

"अरे, पण ते काढायला दोन मिनिटं लागली असती. का तुला माहीतच नव्हतं?"

अक्सेलनं खिशातून फोन काढून माझ्यापुढे धरला. वेबसाइट त्याची बायको बिर्गिटच सांभाळायची. मी दर वेळी 'बंद' एवढंच वाचून परत फिरलो होतो. खालची ओळ आज पहिल्यांदा वाचली.

"माझं छोटंसं ऑपरेशन आहे, अक्सेल सोबत येतोय. सोमवारी परत येते. – बिर्गिट."

"रोज सकाळी कॉफी घेताना वाचतो," अक्सेल म्हणाला. "आता तूच सांग, यातलं काय पुसू?"